बाहेरचा पास

लग्न होऊन पानशेतला आले, त्या पहिल्याच आठवड्यात नानांनी मागच्या दारातून एक मोठा रोहू आत ठेवला आणि म्हणाले, "सूनबाई, धू बिगीबिगी. पाटलाच्या सैपाकघरातनं आणलाय." मी घाबरले. चोरीचा मासा कापायचा कसा? टोपलीखाली झाकून तशीच बसून राहिले. दुपारी सासूबाईंना कळलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या. पाटलाचं स्वयंपाकघर धरणाच्या पाण्याखाली होतं. सगळं गावच होतं.

नाना सासूबाईंचे चुलतभाऊ. धरण झालं तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं. गाव उठलं, लोकांना दौंडाकडं जमिनी मिळाल्या. नानांनी तिथं संसार केला, ऊस केला, मुलाचं लग्न केलं आणि बायको गेल्यावर एक दिवस एसटीनं परत आले. आमच्या खानावळीमागच्या पडवीत राहिले. टायरच्या ट्यूबवर बसून पाण्यात जायचे, आणि जाळं कुठं टाकलं ते कायम घरांच्या नावानं सांगायचे. "आज शाळंत काय न्हाई घावलं, पोरं सुटल्याली." "लव्हाराच्या भट्टीत मरळ घावली." जाळ्यातून मासा सोडवताना त्यालाच विचारायचे, "कुणाचा रं तू?"

मी चुलीपुढून फारशी उठत नाही. शनिवार-रविवार पुण्याची माणसं येतात, त्यांच्यासमोर तर नाहीच. पण ऐकून ऐकून ते गाव मला पाठ झालं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वरच्या आळीची जोती उघडी पडत. नानांचं घर खालच्या अंगाला, ते कधीच उघडं पडलं नाही. त्याचं त्यांना काही वाटत नसे. म्हणायचे, "पाणी आज हाय, उद्या न्हाई. गाव हाय तिथंच हाय."

मग धरणातली मासेमारी एका मच्छीमार सोसायटीनं ठेक्यानं घेतली आणि नियम आला. इथल्या माणसाला जाळ्याचा पास, तोही थोडक्या पैशात. बाहेरच्याला कितीतरी महाग, आणि जाळं नाहीच. काठावरून गळ टाकायचा. सोसायटीचा सेक्रेटरी दत्ता आमच्याच वाडीतला. तो आमच्याकडं चहाला आला तेव्हा नानांनी विषय काढला. मी आत भाकरी थापत होते.

"नाना, तुमचं रेशनकार्ड दौंडाकडलं. तुमाला हितलं कसं दावू?"

"दत्ता, तुझ्या आज्ज्याची भिंत माझ्या बापाच्या भिंतीला लागून हुती."

"व्हय, पर त्याची जमीन वर हुती, त्यो वर सरकला. तुमी गेलात."

"गेलो न्हाई. आमाला उचललं."

"म्या केलाय का नियम?"

"मग त्या बंगलेवाल्या सायबाला जाळ्याचा पास कसा दिलास? महिन्यातनं एकदा तोंड दावतंय."

दत्ता कपात बघत म्हणाला, "त्यांचं लाईटबिल हितलं हाय."

नाना मोठ्यानं हसले. "म्हंजी दिवा लावला की माणूस हितला! आन् ती चिलापी बाहेरची, कटला तर तूच टेम्पोतनं आणून सोडलास. त्यास्नी इचारलंस का रं रेशनकार्ड?"

दत्तालाही हसू आलं. पण पास काही आला नाही.

आमचे मालक म्हणाले, "मामा, आमच्या कार्डावर नाव लावू." त्यासाठी नानांच्या मुलाच्या कार्डावरून नाव कमी करायला हवं होतं. मुलगा फोनवर म्हणाला, "नाव काढलं तर लोक म्हनतील, बापाला घराभाईर घातलं." त्याचंही खोटं नव्हतं. नानांनी फोन ठेवला. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तिकडं आमाला धरणवाले म्हनत्यात, हितं दौंडवाले. आता आनी तिसरं नाव कशाला?"

त्यांनी जाळं विकलं आणि त्या पैशात बाहेरचा पास काढला.

रविवारी पुण्याच्या लोकांच्या रांगेत नाना गळ घेऊन बसू लागले. कुणी छत्री लावलेली, कुणाची घडीची खुर्ची. एका साहेबानं विचारलं, "काका, तुम्ही कुठून येता?" नानांनी काठी पाण्याकडं केली. "हे काय, समोरनं." साहेबाला वाटलं, पलीकडच्या काठावरून.

संध्याकाळी बोटाएवढे मासे घेऊन यायचे. मी विचारायची, "आज कुणाकडले?"

"वरच्या खळ्यातले. गळ घरापत्तूर पोचत न्हाई, सूनबाई."

पुढं पुढं माशाला 'कुणाचा' म्हणून विचारणंही थांबलं. नुसते ताटलीत ओतायचे आणि आडवे व्हायचे. मीही विचारायची थांबले. काय विचारणार?

थंडीत खोकला धरला. मुलगा येऊन घेऊन गेला. जाताना नानांनी पास माझ्या हातात दिला. "सायबाला दे कुठल्या. पैसं भरल्यालं हायेत." होळीच्या आधी दौंडाकडंच वारले.

मुलगा अस्थी घेऊन आला. सोसायटीची नाव दत्ता स्वतः घेऊन आला. काठावर पाच-पन्नास माणसं. मुलगा म्हणाला, "आमच्या दारात सोडा म्हनले हुते. घर कुठं हुतं?" कुणी इकडं बोट केलं, कुणी तिकडं. सासूबाई मागंच वारल्या होत्या, दत्ताचा आजाही. पाणी सगळीकडं सारखंच दिसत होतं.

मी बायकांच्या मागं उभी होते. एवढ्या माणसांत मी कधी बोलले नव्हते. तरी म्हणाले, "नाव खिंडीसमोर घ्या. तिथं वडाचा पार आहे."

सगळे वळले. दत्ता म्हणाला, "वैनी, तुमीच बसा नावंत."

मी याआधी कधी पाण्यात गेले नव्हते. दोन्ही हातांनी कड धरून बसले. पाराच्या उजव्या हाताला पाटील. पाटलाच्या मागं लोहार. तिथून दत्ताच्या आज्याची भिंत, आणि तिला लागून नाना. दत्ता मी सांगेन तशी नाव वळवत होता.

"हितं," मी म्हणाले. "हे पुढचं दार."

मुलानं गाठोडं उचललं. मग थांबून ते परत मांडीवर ठेवलं, आणि नावेतच पायातल्या चपला काढल्या.