जिना नसलेलं हॉटेल

फिनेलचा वास आला की मला महाडमधली मे महिन्यातली ती दुपार आठवते. आमच्या डी.एड.च्या वर्गातल्या मैत्रिणी निवृत्तीनंतर पहिल्यांदाच जमणार होत्या आणि सगळ्यांना परवडेल असं हॉटेल शोधायचं काम माझ्यावर आणि बिरवाडीच्या एका मैत्रिणीवर आलं होतं. दोन हॉटेलं पाहिली, दर बरे होते, तरी ती दोन्हीकडे नको म्हणाली. तिसऱ्या हॉटेलात, नुकत्याच पुसलेल्या जिन्यावर मी वैतागून म्हटलं, "आता माझ्या पायांत त्राण राहिलं नाही गो. इथे काय वाईट आहे?" ती चौथ्या पायरीवरच बसली होती. "हॉल वर हाय," ती धापा टाकत म्हणाली, "मला नाय चढवत. हृदयाचं दुखणं निघालंय. पण बाकीच्यांना सांगू नको, त्या दिवसभर माझ्याकडेच बघत बसतील." मी तिच्याशेजारी बसले. शेवटी पोलादपूरच्या वाटेवरचं, ट्रकवाले जेवतात ते बैठं हॉटेल ठरवलं. "याहून बरं नाही मिळालं?" असं सगळ्या जमलो त्या दिवशी प्रत्येकीने विचारलं. मी "हेच परवडलं" म्हणत राहिले, आणि ती मैत्रिणींच्या घोळक्यात पोटभर हसत होती. तिला जाऊन आता दोन वर्षं झाली. बाकीच्या अजून मला चिक्कू म्हणतात. ऐकून थकायला होतं, पण मी त्यांना काही सांगितलेलं नाही.