परसातला तंबाखूचा तुरा

सुमे, जरा जवळ ये, कान धरायचाय तुझा! ‘मावशी, या वयात परसात तंबाखू?’ असं फोनवर हसून विचारलंस आणि उत्तर न ऐकताच फोन ठेवलास. मग आता वाच. वाळत्या पानाचा तो उग्र, घशात उतरणारा गंध अजून माझ्या नाकात आहे.

गेल्या ऑक्टोबरात जावईबापूंनी इथून, मिनेसोटाहून, व्हर्जिनियाला नेलं. इंग्रजांच्या पहिल्या वसाहतीतलं शेत तिथं जुन्या रूपात उभं केलंय. लाकडी कोठारात शिरले मात्र, पाऊलच अडलं. आढ्याला पानंच पानं टांगलेली! लग्नाआधी निपाणीच्या तंबाखूच्या शेतात आणि वखारीत राबले, तीच मी पुन्हा तिथं उभी. घेरदार झग्यातली गाईड सांगत होती, हे पान गलबतांतून लंडनला जाई, मळेवाल्यांच्या हवेल्या त्यावरच उठल्या. मी विचारलं, “बाई, शेंडे कोण खुडायचं?” माझ्या नीलूनं कपाळाला हात लावत इंग्रजीत सांगितलं. पोरगी माझ्याकडे वळली. आधी करारानं बांधलेले गोरे गरीब, मग आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम, म्हणाली. त्यांची नावं? फारशी कुणी लिहिलीच नाहीत.

खुडणं तुला ठाऊक नसेल. कळी दिसली की शेंडा मोडायचा, म्हणजे सारा कस पानात उतरतो. बियाण्यापुरती चार झाडं सोडली तर फुलायची मुभा कुणालाच नाही. बोटांचा चिकटा सुटत नसे, भाकरीसुद्धा कडू लागे. समुद्राच्या दोन तीरांवर, शतकांच्या अंतरानं, तीच बोटं, तीच कडू भाकरी, आणि फुलांवर तीच बंदी?

त्या पोरीनं चिमूटभर बी दिलं, खसखशीहून बारीक. त्यातलं एक रोप आज माझ्या खांद्याला लागलंय, आणि मी शेंडा खुडलेला नाही! कर्ण्यांसारख्या गुलाबी फुलांचा तुरा कसा दिमाखात डुलतोय! नीलू म्हणते, “आई, रविवारी गणपतीला मंडळी येणार. डॉक्टरांच्या घरी तंबाखू शोभतो का? उपटून टाकू.” जावईबापू कॅन्सरवर व्याख्यान देतात. खरंच आहे त्यांचं, म्हणून तर एकही पान मी कुणाला तोडू देणार नाही. पण उपटायचं? स्पष्ट सांगितलं, रोप उपटलंत तर त्याच दिवशी माझं परतीचं तिकीट काढा. आणि मंडळींना माझी ओळख वखारीतली बाई म्हणूनच करून द्या. मला लाज नाही, तुम्हाला का असावी?

आज सकाळी तुऱ्याला नाक लावलं. त्या उग्रपणाचा लवलेश नाही गं, अगदी मंद, कोवळा वास. जन्मभर मी हुंगला तो खुडल्याचाच गंध होता म्हणायचा!

शनिवारीच ये. मिनेसोटा काही चंद्रावर नाही. दोघी परसात खुर्च्या टाकून बसू, कोण उपटायला येतं ते बघूच!