चुकलं की पहिल्यापासून

करोल बाग मागे पडली तरी गिरिजाकाकूंचा राग उतरला नव्हता. मेट्रो बिघडलेली, रिक्षावाल्यांचा संप, म्हणून मयुराच्या तिथल्या ऑफिसात तिचा नवा खेळ बघून दोघी पायीच घरी निघालेल्या. काकू मुद्दाम चार पावलं पुढे.

"देवाच्या पानासमोर भोंगा," त्या अखेर मागे न बघता म्हणाल्या. "कारखाना आहे का तो?"

"कारखान्यातलाच आहे. मानेसरच्या कामातून उचलला."

मयुराने लपवलं नाही. वडिलांच्या सरकारी नोकरीपायी ती सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये वाढली, अ‍ॅनिमेशन शिकली आणि मशीन कसं चालवायचं ते मानेसरच्या कामगारांना चित्रांतून दाखवत पोट भरू लागली. चित्र जिथे बदलतं त्या कीफ्रेमवर ती हुकूम बसवायची: थांब, बरोबर बटण दाबलं तर पुढे जा, चुकलं तर भोंगा, आणि पहिल्या चित्रावर परत. मराठी मंडळाने मुलांसाठी स्क्रीनवर नैवेद्याचं पान वाढायचा खेळ मागितला, तिथेही तिने तेच केलं. नैवेद्यात मीठ वाढत नाहीत. पोराने वाढलं की भोंगा.

उद्या मंडळाचे अध्यक्ष भाऊसाहेब मुलांसोबत खेळ बघणार होते. मंडळाचा मुलांचा वर्ग चालवणाऱ्या काकूंनी नाक मुरडलं की ते नको म्हणणार, हे ठरलेलं. आणि या कामाच्या भरवशावर मयुरा मानेसर सोडून बसली होती.

"देव लेकरांना हाकलत नाही," काकू म्हणाल्या. "चुकलं तरी पुढे जाऊ दे."

"पुढे जाऊ दिलं की कोणी बघत नाही काकू, नुसतं बटण दाबत सुटतात. आणि तुमच्या रविवारच्या वर्गात काय होतं? स्तोत्रात मी अडखळले की सगळ्यांसमोर उभी, पहिल्यापासून. पोरं फिदीफिदी हसायची."

"म्हणून आज पाठ आहे तुला."

"बिल्कुल पाठ आहे. म्हणत नाही कधी."

काकू थांबल्या. देवाचं नाव घ्यायला ओठ हलले, पण आतला राग काही हलला नाही. आपण शिस्त लावली. ही बया त्या शिस्तीचा भोंगा करून आपल्यालाच ऐकवते आहे.

"मग उद्या मी भाऊसाहेबांना काय सांगू?"

"सांगू नका काही." मयुरा आता त्यांच्या बरोबरीला आली होती. "पहिलं पान तुम्ही वाढा. मुद्दाम मीठ वाढा. भोंगा वाजू दे. आणि मग तुम्ही पहिल्यापासून सुरू कराल ना, ते पोरांना नीट बघू द्या. काकूही चुकतात म्हटल्यावर कोणी कोणाला हसणार नाही."