शैलाने काढलेले बाबा

आज नातीने पेन्सिलीला टोक काढलं आणि त्या लाकडाच्या वासाने मला नव्वदच्या दशकातल्या आमच्या जुईनगरच्या फ्लॅटमध्ये नेऊन सोडलं.

शैला आणि मी तेव्हा नवे नवरा-बायको, दोघेही चित्रकार. तुर्भ्याच्या भंगारवाल्याकडून ती छत्रीच्या तारा, कुकरची तुटकी हँडलं आणायची आणि ती जोडून बाल्कनीत बगळे उभे करायची. माझी आई त्याला पसारा म्हणायची आणि मला ते ऐकून बरं वाटायचं.

बाबा आमच्या लग्नाआधीच गेले होते. मी त्यांची मोठमोठी तैलचित्रं केली. दर वेळी आई "चांगलं झालंय" म्हणायची आणि कामाला लागायची.

एका दुपारी शैलाने पेन्सिलीने काढलेले बाबा आईसमोर धरले. कानावरचे केस, दाढीचे पांढरे खुंट, डोळ्याखालची बारीक सुरकुती, सगळं होतं. तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. जुन्या फोटोवरून आणि भाजी निवडता निवडता आईला विचारून विचारून तिने ते चित्र केलं होतं.

आईने आधी डोक्यावर पदर घेतला. मग चित्राकडे बघत हळूच म्हणाली, "आवं, कवा आलासा?"

मी पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो. जळत होतो नुसता. वडील माझे, आणि आले ते हिच्या हातून!

आई गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. जळफळाट मात्र गेला नाही. कारण आज बाबांना आठवायला बसलो, की मला शैलाने काढलेलाच चेहरा दिसतो.