कासवांचा शेवटचा रविवार

नीलकंठराव पुणतांबेकर दर रविवारी सकाळी हरायला जात. तेही जवळपास कुठे नाही. नदीकाठच्या ब्रह्मा घाटाच्या गल्ल्यांतून दुखरा गुडघा सांभाळत, वाटेतल्या सांडाला आदराने वळसा घालत मैदागिनपर्यंत चालायचं. तिथून ई-रिक्षात अर्धं अंग बाहेर ठेवून सिगऱ्याला पोचायचं, मोबाइल-दुरुस्तीच्या दुकानावर असलेल्या खेळांच्या दुकानाचा जिना चढायचा आणि कॉलेजातल्या पोरांकडून पत्त्यांत हरून घरी यायचं. आठवडाभर विमा कचेरीत लोकांच्या मरणाचे दावे निकालात काढणाऱ्या माणसाला घरी बसूनही थकता आलं असतं. पण हौस ही हौस.

हे पत्ते म्हणजे बदाम-इस्पिक नव्हेत. यात प्रत्येक पत्ता म्हणजे एक प्राणी. तुमचे प्राणी तुमच्यासाठी लढतात, समोरच्याच्या अंगावर जातात आणि त्याचे प्राण एकेक करून कमी करतात. सुरुवातीला प्रत्येकाकडे वीस प्राण. ज्याचे संपले तो हरला. प्रत्येकाने आपापला डेक, म्हणजे पत्त्यांचा संच, स्वतः जुळवायचा. शहाणी माणसं ड्रॅगन जुळवतात. नीलकंठरावांनी कासवं जुळवली होती.

जुळवली म्हणणंही खरं नव्हे. त्यांच्या वाट्याला ती आली. लेक अंतरा पुण्याला नोकरीसाठी गेली तेव्हा चांगले पत्ते घेऊन गेली आणि कासवं खणात ठेवून म्हणाली, "बाबा, हे टाकून द्या." टाकून देणे ही क्रिया पुणतांबेकरांच्या घरात अजून कोणी केलेली नाही. नीलकंठरावांनी पत्ते पुसले, नियम वाचले आणि हळूहळू ते कासवांचे पालक झाले. पत्त्यांवरची इंग्रजी नावं जिभेला जड, म्हणून त्यांनी घरगुती नावं ठेवली. बारकी कासवं ती 'बुडी'. ती पाण्याखालून जात, त्यामुळे त्यांना कोणी अडवू शकत नसे; पण एका खेपेला एकच प्राण घेऊन येत, सरकारी कचेरीतून एका कामाला एक खेप घालावी तशी. आणि सगळ्यांत मोठं कासव ते 'थोरले काका'. ते हातातच दबा धरून बसत. कोणी हल्ला केला की मालकाने काकांना पुढे करायचं. हल्ल्याचा सगळा मार मारणाऱ्यावरच उलटे. मात्र साठ पत्त्यांत काका एकच. ते हाती येईपर्यंत ड्रॅगनांनी नीलकंठरावांची राख केलेली असे.

चार वर्षांत ते रविवारच्या स्पर्धेत पहिल्या फेरीच्या पुढे गेले नव्हते. आता खेळ काढणाऱ्या कंपनीने जाहीर केलं होतं, की पुढल्या महिन्यापासून जुने पत्ते स्पर्धेत चालणार नाहीत. कासवं सगळी जुनी. म्हणजे हा रविवार शेवटचा.

"एकदा जिंकायचंय," ते शर्टाची बटणं लावत बायकोला म्हणाले. "कासवांनी एकच डाव जिंकायचा. मग बसतो घरी."

"घरी बसून काय करणार?" देवयानीबाईंनी विचारलं.

"थकून बसेन."

"ते तर आत्ताही बसताच की! आणि ही खाकी पँट? आज कासवांची बिदाई आहे, जरा ढंगाचं काही घाला."

नीलकंठरावांनी पँट बदलली नाही. बदलायला वाकावं लागतं.

दुकानात पोचले तर पोरं टेबलांभोवती बसलेली. समोर आला अनिमेष, विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकणारा, गेल्या दोन स्पर्धा जिंकलेला.

"का चाचा, कछुआ पार्टी आ गई?" तो म्हणाला. "आज तो रिटायरमेंट है. माला-वाला मँगाएँ?"

"पहले खेल तो लो, बेटा. माला किसको पड़ती है, देखेंगे."

हे बोलायचं म्हणून बोलले. खरं तर जिना चढूनच त्यांचा दिवस संपला होता.

डाव नेहमीसारखाच सुरू झाला. ड्रॅगन आले, ड्रॅगनांची भावंडं आली. कासवं अंग चोरून मार खात राहिली. नीलकंठरावांचे प्राण पाचावर आले. अनिमेषचे सतरा. आणि तेव्हा, बँकेतली लंच टाइमची पाटी फिरल्यावर आपला नंबर पुकारला जावा तसे, थोरले काका हाती आले.

नीलकंठरावांच्या तळव्याला घाम सुटला. पंखा होता, पण तो फक्त फिरत होता. काका बोटांतून निसटले आणि टेबलाखाली गेले. खाली वाकणं म्हणजे गुडघ्याशी वाटाघाटी. म्हणून त्यांनी आधी पायाने चाचपलं. पाय पत्त्यावरच पडला.

पुढचं जे झालं ते त्यांच्या हाताने केलं, त्यांनी नव्हे. छापलेल्या कागदाला पाय लागला की उचलून कपाळाला लावायचा, हे त्या हाताला लहानपणीच शिकवलं होतं. त्यांनी काकांना उचललं, डोळे मिटले आणि पत्त्याची पाठ कपाळाला टेकवली. चित्र बाहेर. अनिमेषसमोर साक्षात थोरले काका, नीलकंठरावांच्या भाळी टिळ्यासारखे.

"चाचा," अनिमेष हलकेच म्हणाला, "दर्शन हो गए."

टेबलाभोवती हशा पिकला. दुकानाचा मालक रोहन हाच पंच. त्याने मान हलवली. "दिख गया तो दिख गया. सज़ा कोई नहीं. आगे चलिए."

नीलकंठरावांना वाटलं, उठावं आणि जावं. चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते एकुलतं एक हत्यार आपण आरतीच्या तबकासारखं शत्रूपुढे फिरवलं. राग आला नाही. राग यायलाही अंगात ताकद लागते. त्यांनी काकांना इतर पत्त्यांत खोचलं.

पण अनिमेषने हल्ला केला नाही. त्याने ड्रॅगनांकडे पाहिलं, नीलकंठरावांच्या हातातल्या पत्त्यांकडे पाहिलं. सगळे ड्रॅगन सोडले आणि काका आडवे आले, तर तो मार त्याच्यावरच येणार. काकांना हातातून काढून टाकणारा एक पत्ता त्याच्या डेकमध्ये होता. तो येईपर्यंत थांबलेलं बरं.

"पास," तो म्हणाला.

नीलकंठरावांना खेळात समोरच्याने 'पास' म्हटलेलं ठाऊकच नव्हतं. त्यांनी एक बुडी पाठवली. एक प्राण घेऊन आली.

"पास."

पुन्हा एक. मग दोन बुड्या, मग तीन. पाण्याखालून गुपचूप जात होत्या, परत येत होत्या. शेजारची टेबलं रिकामी होऊन पोरं इथे जमू लागली. कोणी तरी म्हणालं, "अबे, कछुआ चल रहा है!" अनिमेष पत्ता ओढी, तोंड वाकडं करी, पास म्हणे. त्याला हवा होता तो पत्ता डेकच्या तळाशी झोपला असावा.

त्याचे स्वतःचे प्राण दोनावर आले तेव्हा तो वैतागला. "जो होगा देखा जाएगा!" म्हणत त्याने सगळे ड्रॅगन एकदम सोडले. नीलकंठरावांनी थोरल्या काकांना सावकाश टेबलावर ठेवलं, पाहुण्याला पाट मांडावा तसं.

"चाचा," रोहन म्हणाला, "जीत गए आप."

"हाँ?"

"जीत गए!"

अनिमेषने डोकं टेबलावर टेकलं. "कछुए ने मार डाला यार," तो डोकं न उचलताच म्हणाला आणि मग हात पुढे केला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. नीलकंठरावांनी सगळ्यांना नमस्कार केला, पत्ते डबीत घातले, चपला घातल्या आणि ते जिन्याकडे निघाले.

"चाचा, कहाँ चले? दूसरा राउंड है!"

नीलकंठराव कठड्याला धरून थांबले. जिंकल्यावर पुन्हा खेळावं लागतं, हे नियमांत होतं; पण नियमांचं ते पान त्यांनी कधी वाचलंच नव्हतं. तशी वेळ आली नव्हती. जिंकण्याचं त्यांचं स्वप्न टाळ्यांपर्यंत येऊन संपत असे, पुढे सरळ घरची गादी. त्यांनी फोन लावला.

"हरलात?" देवयानीबाई म्हणाल्या. "मग येताना दही घेऊन या."

"जिंकलो."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "म्हणजे? कोण जिंकलं?"

"मी. कासवं. आता थांबावं लागेल."

"किती वेळ?"

"हरेपर्यंत."

"अहो, मग हरा ना पटकन! जेवण गार होतंय." मग जरा थांबून, "समोर कोण आहे?"

"एक मुलगी आहे. तिच्याकडेही ड्रॅगनच."

"सगळ्यांकडे तेच कसे हो? मग राहू दे. नका हरू पटकन. मी झाकून ठेवते."

नीलकंठरावांनी चपला पुन्हा काढल्या, दुखरा पाय टेबलाखाली लांब केला आणि सात पत्ते उचलले. सगळ्या बुड्या. काका कुठे तरी खाली. मुलीने पहिला ड्रॅगन मांडला, आणि त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून डोळे चोळले नि पहिली बुडी पुढे सरकवली.