उलटे फिरणारे पंखे

शनिवारचं सकाळचं कॉलेज साडेअकराला सुटायचं. मी घरी येऊन दोन घास खायची, पदर खोचून डोक्याला रुमाल बांधायची आणि मामांची गाडी बाहेर काढायची. माझे यजमान कोयनानगरला, वीजघरात इंजिनिअर होते. मी साताऱ्यात पदार्थविज्ञान शिकवत होते. सत्तर सालानंतरची चार-पाच वर्षं गेली असतील. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि आमचा संसार शनिवार दुपार ते रविवार संध्याकाळ एवढाच होता.

गाडी इंग्लंडात बनलेली. दोनच माणसांची, ठेंगणी, हिरवी, कापडी टपाची स्पोर्ट्स कार. सांगलीच्या माझ्या मामांनी ती कुणाकडून तरी जुनी घेतली होती. मामांना मूलबाळ नव्हतं. त्यांनीच मला गाडी चालवायला शिकवलं आणि वारण्याआधी ती माझ्या नावावर केली. यजमानांना ती कधी आवडली नाही.

"एस.टी.नं येत जा," ते म्हणायचे. "कॉलनीत लोक खिडक्यांतून बघत बसतात."

"बघू दे की."

"आणि मधेच बंद पडली म्हणजे? मी इथे वाट बघत बसायचं?"

ते खोटं नव्हतं. गाडी तापायची. इंग्लंडातल्या हवेला पुरेल असा चार पात्यांचा पंखा तिला होता, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा. इंजिन जोरात तर पंखा जोरात, इंजिन हळू तर पंखाही हळू. सपाट हमरस्त्यावर समोरचा वारा रेडिएटर थंड ठेवायचा. पण बैलगाड्यांमागे अडकलं किंवा पाटणच्या पुढची वळणं सुरू झाली, की वारा थांबायचा आणि पंखाही मंदावायचा. मग तपमानाचा काटा सरकायला लागायचा. माझा एक डोळा रस्त्यावर, एक काट्यावर. रस्त्याकडेची झाडं, नदी, माणसं, यातलं काहीच त्या वर्षी मी पाहिलेलं नाही.

पहिल्यांदा पाणी उकळलं ते उंब्रजला, आठवडी बाजाराच्या गर्दीत. बॉनेटमधून वाफ निघायला लागली तशी माणसं गोळा झाली. मी रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "हात लावू नगा बाई. त्वांड भाजंल."

हमरस्त्याला लागून त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. चाळिशीचे, बारीक अंगाचे गृहस्थ. पंधरा वर्षं लष्कराच्या वर्कशॉपात काढून परत आले होते. घरी ऊस होता, तो भाऊ बघायचा. "मला रानात बसवत न्हाई," एवढंच ते स्वतःबद्दल म्हणाले. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, मीही तेच म्हणायला लागले.

त्यांनी अर्धा तास इंजिन निवू दिलं, पाणी भरलं, पंख्याला बोट लावून तो फिरवून पाहिला. "गाडी लय चांगली हाय. पर पंखा पोराच्या खेळण्यावानी हाय."

पुढच्या दोन महिन्यांत मी त्यांच्याकडे किती वेळा थांबले याची मोजदाद नाही. आधी त्यांनी जुन्या पंख्याला आणखी दोन पाती रिव्हेट करून दिली. सहा पात्यांचा पंखा जोरात फिरला की अख्खी गाडी थरथरायची, आणि हळू फिरला की होतं तेच. तिसऱ्या फेरीला एक पातं सुटलं आणि बॉनेटला आतून पोचा पाडून गेलं. मी वैतागले होते. यजमानांची पत्रं त्रोटक होत चालली होती. मी नोकरी सोडून कोयनेला राहायला यावं असं त्यांना वाटत होतं. ते सरळ लिहीत नव्हते. कॉलनीतल्या शाळेत विज्ञानाला बाई हव्या आहेत, एवढंच लिहीत. मी त्या वाक्याला उत्तर देत नव्हते.

एकदा पाणी निवायची वाट बघत बसले असताना मिस्त्रींनी विचारलं, "बाई, रागावू नगासा. तुमाला तकडं पोचायची घाई असती, का साताऱ्यातनं निघायची?"

मी विषय बदलला आणि डोक्यात घोळत होतं ते बोलून टाकलं. पंखा इंजिनावर कशाला हवा? विजेचे दोन लहान पंखे रेडिएटरच्या पुढे बसवायचे, बॅटरीवर चालणारे. इंजिन हळू असो की जोरात, पंख्यांचा वेग तोच. चढ आला की बटण दाबायचं.

मिस्त्रींनी रेडिएटरपुढची जागा बोटांनी मोजली. मग म्हणाले, "व्हईल. पर मोटरा कुठनं आणायच्या?"

मोटरी सांगलीत मिळाल्या. मामांच्या ओळखीचे एक भंगारवाले होते. त्यांच्याकडे मोडीत काढलेल्या लष्करी गाड्यांचे, गरम हवा फेकणारे हीटर पडले होते. त्यांतल्या कायम चुंबकाच्या दोन मोटरी अजून चालत होत्या. मी त्या पिशवीत घालून, मांडीवर ठेवून एस.टी.नं उंब्रजला आणल्या. मिस्त्रींनी ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून पाती कापली. ट्रकच्या बॅटरीवर मोटर कुठल्या बाजूला फिरते ते टेबलावर बघून त्यांनी पात्यांना पीळ दिला, म्हणजे वारा बाहेरून आत, रेडिएटरमधून इंजिनाकडे जावा. जुना पंखा काढून ठेवला. दोन्ही नवे पंखे लोखंडी पट्ट्यांवर, गाडीच्या तोंडाच्या जाळीमागे शेजारी शेजारी बसवले.

वायरिंग मी केलं. मी हट्टानं केलं म्हणायला हवं. "विजेचं माझ्याकडे," असं मी मिस्त्रींना सांगितलं होतं. डॅशबोर्डवरच्या जिवंत तारेपासून बटणाकडे, बटणापासून मोटरीच्या लाल वायरींना, आणि काळ्या वायरी गाडीच्या बॉडीला. मिस्त्रींनी एकदाच विचारलं, "बॅटरी बघितली व्हय?"

बॅटरी आसनांच्या मागे, कप्प्यात झाकलेली होती. ती काढायला सगळं सामान उचलावं लागलं असतं. "बॅटरी उत्तम आहे," मी म्हणाले. त्यांनी विचारलेलं वेगळंच होतं, हे मला कळलं नाही.

गॅरेजसमोर इंजिन चालू ठेवून आम्ही दोघं काट्याकडे बघत उभे राहिलो. दहा मिनिटं, वीस मिनिटं. पंखे घोंघावत होते आणि काटा मधोमध थांबला होता. मिस्त्रींनी टोपी काढून घाम पुसला आणि चहा सांगितला.

त्याच शनिवारी मी पंखे चालू ठेवूनच निघाले. पाच-सहा मैल बरे गेले. मग मोकळा रस्ता लागला, मी वेग वाढवला, आणि काटा चढायला लागला. वारा मिळावा म्हणून मी वेग आणखी वाढवला. काटा आणखी जोरात चढला. कधी नव्हे ते सपाट रस्त्यावर, भर वेगात गाडी उकळायला आली होती. मल्हारपेठेच्या अलीकडे मी ती कडेला घेतली. इंजिन तसंच चालू ठेवून मी हातांत डोकं धरून बसले. पाच मिनिटांनी पाहिलं तर काटा खाली आलेला. पुन्हा निघाले, पुन्हा चढला. थांबले, पुन्हा उतरला. सगळं उलटं. आधी गाडी थांबली की तापायची, आता चालली की तापत होती.

तिसऱ्या वेळी मी गाडी उंब्रजकडे वळवली. यजमानांना निरोप द्यायला काही साधन नव्हतं. रविवारभर ते वाट बघत असतील, हे मला माहीत होतं.

मिस्त्रींनी माझं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. "थांबल्यावर उतरतोय, पळताना चढतोय," ते स्वतःशीच म्हणाले. मग आतून जुन्या वर्तमानपत्राचं एक पान आणलं. "पंखं लावा."

मी बटण दाबलं. त्यांनी पान जाळीसमोर धरलं. ते जाळीला चिकटायला हवं होतं. ते फडफडत बाहेर, त्यांच्या छातीवर आलं.

पंखे उलटे फिरत होते. गाडी उभी असताना ते इंजिनाकडची हवा ओढून रेडिएटरमधून बाहेर फेकत होते, तेवढ्यानं निभत होतं. गाडी पळायला लागली की समोरून आत येणाऱ्या वाऱ्याला तेच अडवत होते. मिस्त्री आसनांमागे वाकले, सामान बाहेर काढलं, कप्प्याचं झाकण उघडलं आणि मला बोलावलं. नेहमी निगेटिव्ह असते तिथे, बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू गाडीच्या बॉडीला जोडलेली होती; म्हणजे माझ्या वायरींतून मोटरींना प्रवाह उलटा मिळत होता.

"जुन्या विलायती गाड्यांस्नी आसंच असतंय," ते म्हणाले. "लष्करात बघितल्यात मी. म्हून इचारलं हुतं."

त्याच आठवड्यात मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला विद्युत मोटर शिकवली होती. डाव्या हाताची तीन बोटं तीन दिशांना धरून, प्रवाह उलटा केला की फिरणं उलटं, हे पोरांकडून तीनदा म्हणवून घेतलं होतं. मी म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही नीट विचारलं होतं. मीच ऐकलं नाही."

"मला तरी जोरानं सांगाया पायजे हुतं," ते म्हणाले. "शिकलेल्या माणसाला कसं सांगावं, म्हून गप बसलो."

वायरी उलटून जोडायला दहा मिनिटं लागली. या वेळी पान जाळीला असं चिकटलं की ओढून काढावं लागलं.

पुढच्या शनिवारी मी कुठेही न थांबता कोयनानगरला पोचले. पाटणच्या पुढे एका ट्रकमागे दोन मैल रखडले, तरी काटा हलला नाही. पण जिवाला स्वस्थता नव्हती. बघायला काटा नव्हता, तेव्हा सगळा रस्ता मी मनातल्या मनात यजमानांशी भांडत गेले. काय बोलायचं, कुठल्या शब्दात, ते म्हणतील त्यावर काय. मी नोकरी सोडणार नाही, हे त्या दिवशी तोंडावर सांगायचंच, असं ठरवूनच मी क्वार्टरच्या फाटकात शिरले.

ते दारात उभे होते. "गेल्या शनिवारी..." त्यांनी सुरुवात केली.

"पंखे उलटे लागले होते," मी म्हणाले. "माझी चूक. पण आधी दुसरं ऐका. मी ती शाळेतली नोकरी घेणार नाही. साताऱ्यातली सोडणारही नाही."

त्यांनी काही म्हणायच्या आधी कपाटातली भांडी वाजायला लागली. आधी बारीक, मग खडखडून. पायाखालून काहीतरी सरकत गेल्यासारखं झालं. तसले हादरे तिथे नवे नव्हते, माझ्या मुक्कामातही एक-दोन झाले होते, आणि प्रत्येक वेळी ते "रोजचंच आहे" म्हणून हसायचे. त्या दिवशी ते हसले नाहीत. माझं मनगट धरून त्यांनी मला अंगणात ओढलं. शेजारपाजारचे लोकही बाहेर आले होते. मिनिटभरात सगळं शांत झालं, लोक आत गेले. यजमानांनी माझं मनगट सोडलं नव्हतं.

"तुम्हाला भीती वाटते," मी म्हणाले.

त्यांनी मनगट सोडलं. "सदुसष्ट साली मोठा भूकंप झाला तेव्हा मी इथेच होतो. तुला सांगितलंय. पण त्यानंतर मला घरात झोप लागत नाही, हे सांगितलं नाही. मी दारापाशी खाट टाकतो. तू नसलीस की दार उघडंच ठेवतो." मग म्हणाले, "तू इथे आलीस तर बरं वाटेल, असं वाटायचं. आणि तुला इथे आणून ठेवायचीही भीती वाटायची. म्हणून शाळेचं तसं अर्धवट लिहीत होतो."

दोन वर्षांत त्यांनी मला सांगितलेली ती सगळ्यांत लांब गोष्ट होती. मी दर शनिवारी त्यांचा राग गृहीत धरून येत होते. त्याच्याखाली हे असेल, असं एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.

"तुम्हीच बदली का मागत नाही?" मी विचारलं.

"लोक काय म्हणतील? भूकंपाला घाबरून पळाला?"

"म्हणू देत."

ते ओशाळं हसले. संध्याकाळी स्वतःहून बॉनेट उघडून त्यांनी पंखे पाहिले. दिवे आणि दोन्ही पंखे एकदम लावले तर डायनॅमोला झेपणार नाही, हे त्यांनी हिशोब करून दाखवलं. ते बरोबरच होतं, आणि पुढे मी ते पाळलं.

बदलीचा अर्ज त्यांनी दिवाळीनंतर केला. तो मंजूर व्हायला दीड वर्ष लागलं. तोवर मी जात राहिले. शनिवारी जेवणं झाली की आम्ही दोन्ही खाटा उचलून अंगणात टाकायचो, पावसाळ्यात व्हरांड्यात. शेजारणीनं विचारलं, तेव्हा मी सांगितलं, की आम्हाला दोघांनाही आत झोप येत नाही.