लंडन ते मुंबई, नऊ तास

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

नव्वद-पंच्याण्णवच्या सुमारास शाहूपुरीतल्या एका ऑफिसात मी विमानाची तिकिटं काढून द्यायचो. गल्लीत कुणाचं पोरगं परदेशी निघालं की लोक मलाच विचारायचे — किती लांब, किती तास? मी सांगितलं की विषय संपला. त्या विश्वासाचं मी काय केलं?

आमच्याकडं रीत आहे: बापाला अग्नी थोरल्यानं द्यायचा, आईला धाकट्यानं. मी थोरला. धाकटा सतीश लंडनला. आई अंथरुणाला खिळली, तेव्हा तिला उचलणं, पुसणं, भरवणं — सगळं मी केलं. आणि ती? दारात रिक्षा थांबली की विचारायची, "सत्या आला व्हय रं?"

एका पहाटे ती गेली. सतीशला फोन लावला. रडत म्हणाला, "दादा, सकाळचं विमान धरतो. मी येईपर्यंत आईला हलवू नका."

मी म्हटलं, "ये. थांबतो."

बाहेर चुलते बसले होते, आप्पा. भावकी जमली होती. "काय म्हणतोय धाकटा? बर्फ आणू की! वैनीला त्यानंच अग्नी द्यायचा. किती वेळ लागंल त्याला?"

सात हजार दोनशे किलोमीटर. नऊ तास. पुढं मुंबईहून गाडीनं रात्रभर. उद्या दुपारच्या आत तो दारात — मला झोपेतही पाठ होतं हे.

"परवा रात्रीशिवाय न्हाय," मी म्हणालो. "मधी दोनदा विमान बदलाय लागतंय."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. वाटलं — ओळखलं. पण ते म्हणाले, "तुझ्यापरास कुणाला ठावं? एवढा वेळ ठिवाय नको तिला. तूच दे."

पंचगंगेच्या घाटावर शेणींची चिता रचली. मडकं खांद्यावर घेऊन फिरताना माझं पाऊल चुकलं. दुःखानं, असं सगळ्यांना वाटलं. मी रस्त्याकडं बघत होतो — तो अजून विमानात बसलेलाही नसेल, हे ठाऊक असून!

दुसऱ्या दिवशी बाराच्या आधीच तो बॅगेसकट पळत घरात शिरला. कोपऱ्यात पिठावर दिवा. तो नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "थांबतो म्हणालातास की, दादा."

मी काय म्हणालो असेन?

"आप्पा थांबू देईनात."

आप्पा दारातच उभे होते. त्यांनी सतीशकडं बघितलं, त्याच्या बॅगेकडं, मग माझ्याकडं. सगळं कळलं त्यांना. पायात चपला सरकवल्या आणि गेले.

सतीश त्यांचा उंबरा पुन्हा कधी चढला नाही. आप्पांनी कुणापाशी तोंड उघडलं नाही — माझ्यापाशीसुद्धा.

काही वर्षांनी आप्पा गेले. मी लंडनला फोन केला.

"माझ्यासाठी थांबू नका," सतीश म्हणाला. "त्यांनी कुठं थांबू दिलं होतं?"

रिसीव्हर कानाला होता. बोलायला वेळ होता. मी म्हणालो, "बरं."